सावधगिरीचा भाग

अक्काच्या कमरेची पेटी अडखळायला लागली आणि पहिला फटका हेमलतालाच बसला. सकाळी चहा घेऊन ती अक्काच्या खोलीत गेली, तर अक्का पलंगावर पाय गोळा करून बसलेली. परक्या बाईकडे बघावं तसं तिच्याकडे बघत म्हणाली, "कोण पाहिजे तुम्हाला?"

हेमलता उंबऱ्यातच थांबली. आई गेली तेव्हा ती पाटीवर अक्षरं गिरवत होती. वेणीफणी, शाळेचा डबा, तापातली जागरणं, सगळं या बहिणीने केलं होतं, आणि एकदाही आवाज न चढवता केलं होतं. ही शेवटची गोष्ट हेमलता हल्ली आठवायचं टाळत असे.

मग अक्काच्या कानातला मणी बोलला असावा. तिचा चेहरा उजळला. "हेमी होय! मग आधी सांगायचं न्हाईस का गं? दारात खांबासारखी उभी राहतीस."

त्या वर्षांत विस्मरणाच्या आजारावर औषध निघालं नव्हतं, पण 'सांगाती' नावाची पेटी निघाली होती. सुपारीच्या डब्याएवढी पेटी कमरेला, पदराच्या पिनेत बारीक कॅमेरा, मनगटावर नाडी मोजणारी पट्टी आणि कानात तुरीच्या दाण्याएवढा मणी. मेंदूला जे धरून ठेवता येत नाही ते पेटी धरून ठेवायची आणि वेळेला कानात सांगायची. समोरचा माणूस कोण, आपण जेवलो की नाही, तवा तापलाय का. कुबडीच म्हणायची ती. पण कुबडीच्या जोरावर माणूस चालतो, हे काय थोडं झालं?

आणि ती शिकायचीही. भीती म्हणजे काय, माया म्हणजे काय, हे तिला कळत नव्हतं. तिला एवढंच दिसायचं की अमुक घडलं की नाडी धावते आणि अमुक जागी गेलं, अमुक केलं की नाडी उतरते. असं दोन-चार वेळा झालं की पुढच्या वेळी ती आधीच कानात सांगून ठेवायची. मोरीच्या पायरीवर अक्का दोनदा घसरली, तेव्हापासून पायरीपाशी मणी बोलायला लागला. हे कुणी शिकवलं नव्हतं. अक्काच्या नाडीने शिकवलं होतं.

आता पेटीची हार्ड डिस्क भरली होती. पूर्वी जुन्या नोंदी कंपनीच्या मोठ्या यंत्राकडे जायच्या आणि इथे जागा रिकामी व्हायची. कंपनीने गाशा गुंडाळला, आणि नोंदी जायची वाट बुजली. भरल्या घरात जसं हवं ते सापडत नाही, तसं पेटीचं झालं. नाव सांगायला उशीर. जेवणाचं सांगायला त्याहून उशीर.

हेमलता ती पेटी घेऊन इरफान मुजावरकडे गेली. इरफान सांगलीच्या पेठेत दुरुस्तीचं दुकान चालवायचा. हेमलता संगणक शिकवायची तेव्हाचा हा तिचा विद्यार्थी. आता त्याच्याही मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, तरी तिला बघून तो अजून खुर्चीवरून उठायचा.

"नवी पेटी देतो की मॅडम," तो म्हणाला. "पण अक्कांचं जुनं काही तिच्यात जाणार न्हाई. कंपनीचं कुलूप आहे. आणि किल्ली घेऊनच कंपनी वर गेलीय."

"म्हणजे अक्का पुन्हा पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून. तुमचं नावसुद्धा."

हेमलताने चष्मा कपाळावर सरकवला आणि पेटी उघडून आतला बोर्ड निरखला. निरखता निरखता तिला हसू आलं. "अरे, हा कारखान्यातल्या यंत्रांचा जुना बोर्ड. स्वस्त मिळाला म्हणून बसवलेला दिसतोय. याला अजून फ्लॉपीवरून चालू व्हायची सवय असणार."

इरफानने कपाळावर हात मारला. कंपनीने पुढच्या दाराला भक्कम कुलूप घातलं होतं. पण मागचं दार इतकं जुनं, की तिथे दार आहे हेच कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

"माझ्याकडे फ्लॉपी वाचणारं यंत्र आहे," इरफान माळ्याकडे बघत म्हणाला. "पण यंत्र चालू करून देणारी बूट डिस्क कुठली आणायची?"

"माझ्याकडे आहे," हेमलता म्हणाली. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात शिकवण्याच्या दिवसांतल्या फ्लॉप्या तिने जपून ठेवल्या होत्या. लोक देवाचे टाक जपतात तशा. अक्का तिला त्यावरून चिडवायचीही.

निघताना इरफान म्हणाला, "असल्या पेटीत दहा-बारा भाषांचं सामान भरलेलं असतं बघा. तमिळ, बंगाली, काय काय. अक्कांना त्याचा उपयोग न्हाई. तेवढा भाग काढा, भरपूर जागा होईल. आणि मॅडम, तुमचा नियम..."

"आधी लिहा, मग हात लावा," हेमलताने वाक्य पुरं केलं. "मला शिकवतोस होय रे?"

त्या दुपारी अक्का जेवून झोपली. पेटी तेव्हा तशीही बाजूला काढून ठेवलेली असायची. हेमलताने ती जेवणाच्या टेबलावर घेतली, पडदा आणि इरफानने दिलेलं फ्लॉपीचं यंत्र जोडलं, फ्लॉपी सरकवली. तो जुना घरघर आवाज आला आणि ती एकदम तरुण झाली. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. कुलूप नाही, परवानगी नाही, काही नाही. सगळी डिस्क तिच्यासमोर उघडी पडली.

वर्गात ती हे शेताच्या भाषेत शिकवायची. हार्ड डिस्क म्हणजे एकच मोठं शेत. त्यात बांध घालून तुकडे पाडायचे, ते पार्टिशन. कुठला तुकडा कुठून कुठवर, याची नोंद डिस्कच्या सुरुवातीला एका छोट्या तक्त्यात असते. मग ती पोरांना विचारायची, "तलाठ्याच्या दप्तरातून तुमचं नाव खोडलं तर रानातला ऊस जळतो काय?" पोरं ओरडायची, "न्हाई!" "तसंच हे. पार्टिशन मिटवलं तरी आतला माल जागच्या जागी असतो. नोंद तेवढी जाते. माल केव्हा जातो? त्या रानात दुसऱ्याने नवी पेर केली की."

पेटीत पाच भाग होते. एक यंत्र चालवण्याचा, एक माणसांचा, एक रोजच्या नोंदींचा, एक भाषांचा, आणि एकाचं नाव होतं सावधगिरी. तिने पेन्सिल घेतली आणि प्रत्येक भाग कुठे सुरू होतो, कुठे संपतो ते आकडे फ्लॉपीच्या कागदी पट्टीवर लिहून काढले. विचार करून नव्हे. बूट डिस्क हातात आली की हात लिहायलाच लागायचा, इतकी वर्षं तो तसा वळला होता.

भाषांचा भाग पुसायला घेणार, तेवढ्यात तिचं लक्ष सावधगिरीकडे गेलं. तो भाग सगळ्यात मोठा होता. तवा, पायरी असल्या चार गोष्टींना एवढी जागा कशाला लागावी? जास्त वेळा सांगायच्या सूचना पेटी आवाजाच्या बारीक फायली करून ठेवत असे, लागलीच वाजवता याव्यात म्हणून. हेमलताने त्यातल्या काही फ्लॉपीवर उतरवल्या आणि ते यंत्र आपल्या लॅपटॉपला जोडून लावल्या.

पेटीचा आवाज एका बाईचा होता. शांत, पुस्तकी. "तवा तापला आहे. हात लावू नका." ही अगदी जुनी. मग, "मोरीची पायरी निसरडी आहे." मग शेजारच्या कुत्र्याबद्दल. फायली तारखेच्या क्रमाने होत्या. हेमलताने पुढची लावली.

"दिवस मावळायला आला आहे. हेमलताबाईंचा आवाज चढण्याची वेळ झाली आहे. उत्तर देऊ नका. देवघरात जाऊन बसा. थोड्या वेळाने त्या शांत होतात."

तिने ती पुन्हा लावली. मग पुढची. "हेमलताबाईंनी ताट आपटले आहे. जवळ जाऊ नका." त्यापुढची. "हेमलताबाई हात धरतील. हात सोडवू नका, दुखेल." फ्लॉपीवर एवढ्याच मावल्या होत्या. पण पडद्यावर तसल्याच नावांच्या फायलींची रांग खाली खाली चालली होती, आणि कुत्र्यानंतर तिच्यात हेमलताशिवाय दुसरं कुणीच नव्हतं.

अक्काचा जन्माचा नेम होता, दिवस मावळल्यावर अन्नाला शिवायचं नाही. बाकी सगळं विसरली तरी हा नेम विसरली नव्हती. दुपार कलली की हेमलता ताट वाढायची आणि अक्का म्हणायची, "आत्ताच तर जेवले की मी." ताट सरकवून द्यायची. आणि अंधार पडला की भुकेने कळवळायची, पण घास घ्यायची नाही. रात्रभर उपाशी. मावळतीचा तो तासभर हेमलता घड्याळाकडे बघत मिनतवारी करायची, मग ओरडायची, आणि मग काय काय करायची, ते दुसऱ्या दिवशी आठवायची नाही. आठवायची नाही असं ती म्हणायची.

आरडाओरडा झाला की अक्का उठून देवघरात जाऊन बसे. भरतेश हा अक्काचा मुलगा, हुबळीला असतो. त्याला हेमलता फोनवर कौतुकाने सांगत आली होती, "अरे, आईला एवढा विसर पडला, पण संध्याकाळचा जप काही चुकत न्हाई बघ."

हेमलताच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. घरात कुणी नव्हतं, तरी तिने लॅपटॉपचं झाकण खाली ओढलं. तापलेला तवा, निसरडी पायरी, दारातलं कुत्रं आणि धाकटी बहीण. एका रांगेत.

आता खरं तर भाषांचा भाग काढायचा, पेटी बंद करायची आणि आपल्या आवाजाचं काय करायचं ते बघायचं. हेमलताला हे कळत नव्हतं असं नाही. पण माणूस आरशात वाईट दिसला की आधी आरसाच पुसायला घेतो. भाषांचा भाग जरा लहान आहे, असं तिने स्वतःला सांगितलं. तो लहान होता, खरंच. पण पुरण्याइतका होता, हेही खरं. तवा आणि पायरी सांगायला मी आहे की घरात, असंही तिने स्वतःला सांगितलं. बूट डिस्कने जुन्या पद्धतीप्रमाणे दोनदा विचारलं, नक्की का. तिने दोनदा हो म्हटलं. सावधगिरीच्या जागेवर नवा भाग आखला आणि रोजच्या नोंदींना जोडून दिला. अक्का उठायच्या आत टेबल आवरून झालं होतं.

पेटी पळायला लागली. सकाळी चहा नेला की अक्का दारातच म्हणायची, "आलीस काय हेमी?" मणी वेळेवर सांगू लागल्यामुळे ती वेळेवर जेवूही लागली. ताट सरकवणं नाही, ओरडणं नाही. देवघरात जाणं तर बंदच झालं. त्याऐवजी संध्याकाळी ती स्वयंपाकघरात येऊन मटार सोलत बसायची आणि हेमलताच्या खांद्याला खांदा लावायची. इतक्या जवळ ती कित्येक दिवसांत बसली नव्हती. ती का बसत नव्हती, ते आता घरात एकट्या हेमलतालाच ठाऊक होतं.

एक दिवस तेलाची वाटी घेऊन आली. "बस खाली. केस बघ कसे झालेत, सुगरणीच्या खोप्यागत. वेणी घालते."

"अक्का, माझी वेणी काय घालतीस आता? चार केस राहिलेत."

"चारांची घालते. बस."

हेमलता बसली. डोक्यावर अक्काची बोटं फिरू लागली, लहानपणी फिरायची तशीच, हळू. तिला रडू फुटलं. अक्काला वाटलं फणी ओढली गेली. तिने लगेच फुंकर घातली आणि विचारलं, "दुखलं होय गं?" हेमलताला त्या क्षणी जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. ही माया तिला मिळत होती ती तिच्या गुणांमुळे नव्हे. ती मिळत होती कारण बहिणीच्या पेटीतून एक भाग तिने चोरून काढला होता.

भरतेशने व्हिडिओवर आईला बघितलं आणि तो खूश झाला. "मावशी, आई हसायला लागलीय! काय जादू केलीस?"

"जागा केली जरा पेटीत," हेमलता म्हणाली.

"तू आहेस म्हणून मला इथं घास गोड लागतो बघ."

खाई त्याला खवखवे म्हणतात. त्या दिवशी हेमलताच्या घशाखाली घास उतरला नाही.

मग एक दिवस आभाळ भरून आलं. दुपारपासून अंधारून आलं होतं. हेमलताने ताट वाढलं, तर अक्का खिडकीकडे बघून म्हणाली, "दिवस मावळला की गं. आता कसं जेवायचं?"

"मावळला न्हाई अक्का, ढग आहेत. घड्याळ बघ."

"घड्याळाला काय कळतंय?"

मणीही सांगत असणार की वेळ आहे. पण डोळ्यांना अंधार दिसत असताना कानाचं कोण ऐकतं? हेमलताने समजावलं. दिवा लावला, मग दिव्यामुळे बाहेरचा अंधार जास्तच वाटतो म्हणून विझवला. घास करून तोंडाशी नेला. अक्काने तोंड फिरवलं. काटा पुढे सरकत होता. आजची रात्र उपाशी, पहाटेचं कळवळणं, रिकाम्या पोटी गोळ्या. हेमलताचा आवाज चढला. जितका चढायचा तितका चढला. ताट आपटलं, आमटी भिंतीवर उडाली.

आधीची अक्का एव्हाना देवघरात गेली असती. ही अक्का जागची हलली नाही. ती भांबावून बघत राहिली आणि मग, कुणाला तरी काहीतरी होतंय असं वाटून, उलट जवळ आली. हात पुढे करून तिने हेमलताचा गाल धरला. "काय होतंय गं तुला?"

हेमलताने तिला ढकललं.

फार जोरात नव्हे. पण थकलेल्या देहाला जोर लागतो कुठे? अक्का दाराच्या चौकटीवर आदळली आणि खाली बसली. कपाळावरून रक्ताची रेघ भुवईपर्यंत आली. हेमलता जिथे होती तिथे पुतळा झाली. मग धावली, पदराने रक्त टिपलं, हळद आणली, फडकं बांधलं.

अक्काचा श्वास खाली बसला. तिने डोळे उघडून समोर पाहिलं. कानातला मणी चोख चालत होता. "हेमी," ती म्हणाली, आणि लहान मुलीसारखी हेमलताच्या कुशीत शिरली. "कुणीतरी मला ढकललं गं. बाहेर जाऊन बघ की, कोण आलं होतं."

ज्याच्यापासून पळायचं त्याच्याच कुशीत अक्का लपत होती. पळायचं कुणापासून, एवढं एकच तिच्याजवळ उरलेलं शहाणपण होतं. स्वतःच्या नाडीने एकेक ठोका मोजून मिळवलेलं. धाकटीने ते काढून घेतलं होतं, का, तर धाकटीला लाज वाटली म्हणून. लाज तेव्हाही वाटली होती, पण ती आपण वाईट दिसतो याची होती. आताची लाज निराळी होती. हेमलता तिथेच, आमटीने माखलेल्या फरशीवर, बहिणीला धरून बसून राहिली.

सकाळी डॉक्टरांनी कपाळाला टाके घातले. शेजारच्या कुसनाळेकाकूंना अक्काजवळ बसवून हेमलता पेटी घेऊन दुकानात गेली. घरी करता आलं असतं, पण एकट्याने बसलं की आपला हात काय करतो, ते तिने पाहिलं होतं.

इरफानने पडदा जोडला. पाहून बुचकळ्यात पडला. "मॅडम, भाषांचा भाग हाय की इथंच. मग काढलं काय तुम्ही?"

"सावधगिरी."

"ती कशाला?"

हेमलताने पर्समधून फ्लॉपी काढली, त्याच्या यंत्रात घातली आणि त्या तीन फायली त्याला ऐकवल्या. तोंडाने सांगणं जमणार नव्हतं. इरफान ऐकत असताना ती काउंटरच्या काचेखालच्या चार्जरांकडे बघत होती. फायली संपल्या. ज्या गोष्टीला ती घाबरत होती तीच झाली. तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "बसा. पाणी घ्या." पूर्वी तो असं तिच्याकडे न बघता कधीच बोलला नव्हता.

"आकडे आहेत," तिने फ्लॉपीवरची पट्टी पुढे केली. "तुझ्यासमोर करते."

आकडे होते म्हणूनच वाट होती. नवा भाग मोडायचा, जुना होता त्याच हद्दी पुन्हा आखायच्या, आणि आतल्या फायलींच्या सूचीची जी प्रत भागाच्या शेवटाकडे असते ती वर आणायची. सुंभ जळला तरी पीळ राहतो, तसं काहीतरी राहिलं असेल तर दिसेल. पण त्याआधी गेल्या दिवसांच्या नव्या नोंदी उचलून दुसरीकडे ठेवायला हव्या होत्या. हेमलताने भाषांचा भाग पुसून तिथे जागा केली आणि एकेक दिवस तिकडे हलवू लागली. मटारचा दिवस. वेणीचा दिवस. शेवटी कालचा दिवस आला आणि तिचं बोट थांबलं.

हा एक मागे राहून पुसला गेला तरी कुणाला कळणार नव्हतं. इरफान गिऱ्हाइकाशी बोलत होता. तिने कालचा दिवसही हलवला.

मग जुन्या हद्दी आखल्या. सावधगिरी उघडली आणि तिने सूची तपासली. नवी पेर रानाच्या सुरुवातीपासून झाली होती. सुरुवातीला होत्या जुन्या गोष्टी. तवा गेला होता. पायरी गेली होती, कुत्रं गेलं होतं, गॅसचं बटण, रस्त्यावरच्या गाड्या, जिना, सगळं गेलं होतं. फ्लॉपीवर उरले होते ते चार नुसते आवाज; ते केव्हा वाजवायचे, हे शिकलेलं त्यात नव्हतं. नंतरचा भाग जसाच्या तसा शाबूत होता. त्यात फक्त हेमलता होती.

"म्हणजे आता पेटी..." इरफानने वाक्य अर्धंच सोडलं.

"फक्त माझ्यापासून सावध करील," ती म्हणाली.

"बाकीचं शिकंल की ती परत."

"शिकेल. अक्का भाजली की शिकेल, पडली की शिकेल. तशीच शिकते ती."

दुकानाच्या पायरीवर उभं राहून तिने भरतेशला फोन लावला आणि सगळं सांगितलं. पेटीत काय होतं ते, आपण काय पुसलं ते, काल काय केलं ते. संध्याकाळचा जप म्हणजे काय होता, तेही. मग भरतेश म्हणाला, "मी शनिवारी येतो. आईला इकडं न्यायचं का ते बघून ठरवू." त्याच्या वाक्यात मावशी हा शब्द आला नाही.

"ये," ती म्हणाली. "मी आवरून ठेवते तिचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का पेटी बांधून, कपाळाला पट्टी लावून खोलीतून बाहेर आली. हेमलता ओट्यापाशी चहा ठेवत होती. अक्काने तिला पाहिलं, तोंडभर हसली, दोन पावलं पुढे आली. मग मणी बोलला. हसू अर्धं पुसलं गेलं. तिचा हात आपोआप कपाळाच्या पट्टीकडे गेला आणि ती दोन पावलं मागे सरली. मागे मोरीची पायरी होती.

"अक्का, थांब," हेमलता म्हणाली. आवाज चढू नये म्हणून तिने तो इतका खाली आणला की जेमतेम ऐकू गेला. जवळ जाऊन हात धरावा असं तिला फार वाटलं. तिने ओट्याची कड घट्ट धरली. "मागं पायरी आहे. ओली आहे. भिंतीला धर. मी येत न्हाई तिकडं, मी इथंच उभी आहे."

अक्काने भिंतीला हात लावला. पाय चाचपला. मग मान वर करून तिने धाकटीला न्याहाळलं.

"ही बाई म्हणतीय, तू रागीट आहेस. खरं काय?"

"खरं आहे."

"मला ढकलतीस?"

"ढकललं. परवा." तिने ओट्याची कड सोडली नाही. "ती सांगते ते ऐकत जा, अक्का. माझा आवाज चढला की देवघरात जाऊन बस. माझं ऐकू नकोस. पण तवा तापलाय, गॅस चालू आहे, पायरी ओली आहे, हे मी सांगितलं तर ऐक. ते आता तिला सांगता येत न्हाई."

"का बरं?"

"मी पुसलं."

अक्काला त्यातलं किती कळलं कोण जाणे. ती भिंतीला धरून बराच वेळ उभी होती. ओट्यावर चहा उतू गेला, तरी हेमलता हलली नाही. शेवटी अक्का जेवणाच्या टेबलापाशी आली आणि दाराजवळची, सगळ्यात लांबची खुर्ची ओढून बसली.

"मग लांबूनच सांग," ती म्हणाली. "पण सांगत राहा गं. मला आठवत न्हाई."

हेमलताने कप भरला, टेबलाच्या मधोमध ठेवला आणि हात मागे घेतला. "गरम आहे," ती म्हणाली.